तोल गेला, की कठडाच नव्हता?

‘बांधकाम सुरू असलेल्या इमारतीवरून तोल जाऊन पडल्याने कामगाराचा मृत्यू.’ वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अशी चार ओळींची बातमी अधूनमधून येते. कामगाराचे नाव, वय, मूळ गाव आणि पोलिसांत झालेली नोंद एवढेच तीत असते. इमारत कोणाची, ठेका कोणाकडे, ज्या कडेवरून तो पडला तिथे कठडा होता का, हे बातमीत नसते. ‘तोल जाऊन’ या दोन शब्दांत मृत्यूचे कारण सांगून होते आणि जबाबदारीही ठरून जाते. तोल त्याचा गेला, म्हणजे चूक त्याची.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस कोल्हापुरात फुलेवाडी येथे महापालिकेच्या अग्निशमन केंद्राच्या नव्या इमारतीचा स्लॅब कोसळला. एका कामगाराचा जीव गेला, काही जण जखमी झाले. इमारत सार्वजनिक होती, त्यामुळे ठेकेदार कोण, देखरेख कोणाची, कामाचा दर्जा कसा होता, असे प्रश्न शहरात उघडपणे विचारले गेले. फुलेवाडी रंकाळ्याच्या पश्चिमेला. रंकाळ्याच्या अलीकडे, शिवाजी पेठेच्या बोळांत रोज स्लॅब पडतात, पाया खणला जातो, जुन्या भिंती उतरवल्या जातात. तिथे एखादा मजूर दगावला, तर हेच प्रश्न कोण विचारणार? आणि कोणाला?

पेठेतले बांधकाम

शिवाजी पेठेतली जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची, कौलारू छपरांची, शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेली. वाटण्या झाल्या, कुटुंबे वाढली, तशी ही घरे पाडून दोन-तीन मजली इमारती उभ्या राहू लागल्या. जागा लहान आणि बोळ अरुंद. मोठे यंत्र आत येत नाही, म्हणून खोदाई हाताने होते. वाळू, खडी, सिमेंट स्लॅबच्या कडेवर बसवलेल्या छोट्या यंत्राने वर ओढले जाते. हाताच्या अंतरावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. शेजारची भिंत आपल्या घराच्या आधाराने उभी होती, हे घर पाडल्यावर लक्षात येते.

अशा कामावर एकाच वेळी पाच-सात माणसे असतात. घरमालक ठेकेदाराला काम देतो. ठेकेदार सेंट्रिंग एकाला, सळईचे काम दुसऱ्याला, फरशी तिसऱ्याला अंगावर देतो. तो माणूस मुकादमामार्फत बिगारी आणतो. बिगारी कधी जवळच्या खेड्यातला, कधी विजापूर-बागलकोटकडचा, कधी थेट बिहार किंवा उत्तर प्रदेशातला. मजुरी रोख आणि करार तोंडी. अपघात झाला की प्रत्येक जण एक पायरी खाली बोट दाखवतो. मालक म्हणतो, ठेका दिला होता. ठेकेदार म्हणतो, माणसे माझी नव्हती. मुकादम म्हणतो, त्याला जपून काम कर म्हणून सांगितले होते. शेवटी उरतो तो मेलेला माणूस.

दीड सेकंदाचा हिशेब

‘जपून काम कर’ या सल्ल्याने किती जीव वाचू शकतात, याचे उत्तर साध्या पदार्थविज्ञानात आहे. एका मजल्यावरून, म्हणजे साधारण ३ मीटरवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात खाली पोहोचतो आणि ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने आदळतो. ९ मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यास सुमारे १.४ सेकंद लागतात आणि वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. धोका कळून स्नायू हलेपर्यंतच पाव सेकंद जातो. धरायला काही नसेल, तर उरलेल्या वेळात अनुभवी गवंडीही काही करू शकत नाही.

अपघातशास्त्रातला एक ढोबळ नियम असा, की सुमारे चार मजल्यांवरून पडलेल्यांपैकी निम्मे दगावतात आणि सात मजल्यांवरून पडलेला क्वचितच वाचतो. पण शिवाजी पेठेसारख्या ठिकाणी सात मजले नसतात, म्हणून धोका कमी असतो असे नाही. मागे सरकताना पाय सुटला, की माणूस पाठीवर किंवा डोक्यावर पडतो. काँक्रीटवर डोके आपटायला दहा फूट पुरेसे असतात. सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या अशा जखमींमध्ये डोक्याची इजा, मानेच्या किंवा कमरेच्या मणक्याचा भंग, कटिबंधाच्या हाडांचा भंग आणि पोटातला रक्तस्राव या गोष्टी वारंवार दिसतात. जे वाचतात, त्यांच्यातले काही कमरेखाली कायमचे अधू होतात. त्यांची बातमी चार ओळींचीही होत नाही.

डोक्याच्या इजेत एक फसवा प्रकार असतो. कवटीच्या आतल्या बाजूला रक्तवाहिनी फाटते, पण रक्त हळूहळू साचते. माणूस उठून बसतो, चहा पितो, ‘काही झालं नाही’ म्हणतो आणि घरी किंवा झोपडीवर जातो. काही तासांनी उलट्या, गुंगी, मग बेशुद्धी. मृत्यू रात्री घरी झाला, तर दुपारचे पडणे आणि रात्रीचा मृत्यू यांचा संबंध कागदावर जोडला जाईलच असे नाही. उंचीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस बोलत असला, तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन तपासणे आणि २४ तास नजरेखाली ठेवणे आवश्यक असते.

मातीचा हिशेब यापेक्षा क्रूर आहे. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. छातीपर्यंत मातीत दबलेल्या माणसाचे तोंड-नाक मोकळे असले, तरी छाती फुगायला जागा नसते आणि तो काही मिनिटांत गुदमरतो. हात-पाय बराच वेळ दबून राहिले, तर चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि प्रथिने सुटका होताच रक्तात मिसळतात. त्याने हृदय थांबू शकते किंवा मूत्रपिंडे निकामी होतात. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा, असे भारतीय मानक सांगते. कोल्हापुरात त्याला आणखी एक कारण आहे. शिवाजी पेठेतल्या आजच्या गांधी मैदानाच्या जागी पूर्वी वरुणतीर्थ तळे होते. शहरातली इतरही तळी बुजवून त्यांवर मैदाने, बाजार, वस्ती झाली. भरावाची जमीन एकजीव नसते, ती पाणी धरते. पावसाळ्यात अशा जमिनीतली उभी खोदाई पूर्वसूचना न देता ढासळू शकते.

स्लॅबचेही तसेच. एक हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबमध्ये सुमारे २९ टन काँक्रीट असते. ओतल्यानंतरच्या पहिल्या तासांत त्याला स्वतःची ताकद शून्य असते. सगळे वजन खालच्या टेकूंवर, आणि टेकूंचे वजन ते ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्यावर. टेकू तिरका असेल, त्याखाली विटेचा तुकडा ठेवला असेल, आडवे बंध कमी असतील, तर एक टेकू सरकला की शेजारच्यांवर भार जातो आणि सगळा सांगाडा बसतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान १४ दिवस काढू नयेत, असे भारतीय मानकात लिहिले आहे. सेंट्रिंगचे साहित्य भाड्याचे असते आणि भाडे दिवसावर चढते, म्हणून ते लवकर सोडवण्याचा मोह होतो. टेकू किती, कसे आणि किती दिवस, हे बिगारी ठरवत नाही.

विजेबाबत तीच गोष्ट. सळई १२ मीटर लांब असते. ती उभी करताना किंवा गच्चीवर फिरवताना बाहेरच्या तारेला लागली, तर धरणारा सुटत नाही. ११ हजार व्होल्टची तार इमारतीपासून आडव्या अंतराने किमान १.२ मीटर लांब असावी, असा नियम आहे. ओल्या स्लॅबवर उघड्या जोडाच्या वायरने चालवलेले व्हायब्रेटर किंवा फरशी कापण्याचे यंत्रही तितकेच घातक. गळती होताच ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे छोटे उपकरण मीटरजवळ बसवले, तर हृदयाची लय बिघडण्याआधी प्रवाह बंद होतो. ते बसवायचे की नाही, हा निर्णयही कामगाराच्या हातात नसतो.

हेल्मेट शेवटी येते

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते. आधी धोका काढून टाका. ते शक्य नसेल, तर कमी धोक्याची पद्धत वापरा. मग कठडा, जाळी, चराचा आधार, वीज तोडणारे उपकरण असे अडथळे उभे करा. त्यानंतर प्रशिक्षण, सूचना, कामाच्या वेळा. सर्वांत शेवटी हेल्मेट, पट्टा आणि बूट. वरचे उपाय माणसाच्या लक्षावर अवलंबून नसतात. तो थकला, उन्हाने गरगरला, चुकला, तरी कठडा त्याला अडवतो. खालचे उपाय तो दर क्षणी सावध असेल तरच उपयोगी.

व्यवहारात ही उतरंड उलटी झाली आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच देते. त्यात हेल्मेट, बूट, पट्टा असतो. संच मिळावा, यात वाद नाही. पण पट्टा अडकवायला इमारतीवर मजबूत दोरी किंवा हूकच नसेल, तर तो कमरेला बांधून उपयोग काय? संच कामगाराच्या घरी पेटीत आणि कठड्याविना स्लॅब कामाच्या जागी, अशी स्थिती राहिली, तर अपघातानंतर ‘संच दिला होता, त्याने वापरला नाही’ एवढे म्हणायची सोय मात्र होते.

कामगार हेल्मेट घालत नाहीत, ही ठेकेदारांची तक्रार खोटी नाही. एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकची टोपी डोके भाजते, खाली वाकले की ती पडते, आणि काम अंगावर घेतलेल्याला वेळ गमावणे परवडत नाही. तक्रार खरी आहे, म्हणूनच सुरक्षेची भिस्त टोपीवर ठेवता येत नाही.

नोंद कुठे हरवते?

जबाबदारी ठरवायची, तर आधी मृत्यूची मोजणी व्हावी लागते. ती होत नाही. उंचीवरून पडलेला मजूर सीपीआरसारख्या रुग्णालयात आला, की वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद होते आणि पोलिसांना कळवले जाते. मृत्यू झाल्यास पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, पंचनामा आणि शवविच्छेदन होते. शवविच्छेदन अहवाल मृत्यू कशाने झाला ते सांगतो : डोक्याची इजा, रक्तस्राव, गुदमरणे. कठडा का नव्हता, हे शवविच्छेदनात दिसत नाही.

रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टर जे प्रमाणपत्र भरतात, त्यात मृत्यू नैसर्गिक, अपघाती की घातपाती, आणि इजा कशी झाली, हे विचारलेले असते. इजा कामावर असताना झाली का, असा स्वतंत्र रकाना मात्र नाही. अमेरिकेतल्या मृत्यूच्या प्रमाणपत्रात तो आहे : ‘इजा कामावर झाली का? हो किंवा नाही.’ एवढ्या एका खुणेने कामावरचे मृत्यू वेगळे काढता येतात. इथे तीन आठवडे अतिदक्षता विभागात राहून जंतुसंसर्गाने दगावलेल्या गवंड्याच्या कागदावर ‘सेप्टिसेमिया’ हा शब्द वर राहतो. मूळ कारण म्हणून परांचीवरून पडल्याची ओळ खाली लिहिली गेली नाही, तर बांधकामाशी असलेला दुवाच तुटतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात परांचीवरून पडणे, शिडीवरून पडणे, इमारतीवरून पडणे यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. घटना बांधकामाच्या जागी घडली, हे नोंदवण्याचीही सोय आहे. ‘उंचीवरून पडला’ एवढेच लिहिले, की ही सगळी माहिती वाया जाते.

देशपातळीवर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात इमारत कोसळणे, उंचीवरून पडणे, विजेचा धक्का असे वर्ग आहेत. पडलेला माणूस तिथे राहत होता की मजुरीवर होता, हे त्यांतून कळत नाही. ब्रिटनमध्ये २०२३-२४ या वर्षात कामावर १३८ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतले ५१ बांधकामावरचे होते, असे तिथली सुरक्षा यंत्रणा नेमकेपणाने सांगू शकते. आकडा असला, की तो कमी का झाला नाही, असे दर वर्षी विचारता येते.

कायद्याची मर्यादा दहा माणसांची

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने अपघात टाळण्याची आणि सतत देखरेखीची जबाबदारी मालकावर टाकली होती. पण सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल शिक्षा होती जास्तीत जास्त ३ महिने कैद किंवा २ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत, कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडातला किमान निम्मा भाग मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही सुधारणा महत्त्वाची आहे.

अडचण आहे ती व्याप्तीची. बांधकामावर दहापेक्षा कमी कामगार असतील, तर ते या संहितेच्या बाहेर राहते. स्वतःच्या राहत्या घराचे ५० लाखांपर्यंत खर्चाचे कामही बाहेर. जुन्या कायद्यात ही खर्चाची मर्यादा १० लाख होती. शिवाजी पेठेतल्या एखाद्या बोळातले दुमजली घर या दोन्ही चाळण्यांतून सहज निसटते. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती तर २५० कामगारांपासून पुढे. म्हणजे दंड वाढला, पण लहान बांधकाम जिथे होते, तिथे तो पोहोचत नाही.

नुकसानभरपाईचा कायदा मात्र माणसे मोजत नाही. १९२३ पासून चालत आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेल्या तरतुदींनुसार, एका मजल्याहून उंच किंवा बारा फुटांची इमारत बांधताना, दुरुस्त करताना वा पाडताना कामगार दगावला, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येते. कामगार प्यायला होता किंवा त्याने सूचना पाळली नाही, हे कारण मृत्यूच्या प्रकरणात भरपाई नाकारायला चालत नाही. विकसकाने काम ठेकेदाराकडे दिले असले, तरी वारस थेट विकसकाकडे मागणी करू शकतात. नंतर ठेकेदाराकडून वसूल करणे हा विकसकाचा प्रश्न. व्यवसाय म्हणून नव्हे, तर स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला हे कलम लागू पडत नाही. तिथे मजुरांना कामावर ठेवणारा ठेकेदारच मालक ठरतो.

इथे कायद्यातली विसंगती उघडी पडते. पाच मजुरांच्या कामावर एक जण पडून मेला, तर त्याच्या जिवाची किंमत मोजायला कायदा सांगतो. तो पडू नये म्हणून कठडा लावायला मात्र बांधकाम सुरक्षेचा कायदा तिथे जात नाही. उरतो फौजदारी कायदा. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इमारत बांधताना, दुरुस्त करताना वा पाडताना ती कोसळून जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा कलम २९० खाली गुन्हा आहे. ही कलमे माणूस मेल्यावर किंवा तक्रार झाल्यावर उपयोगी. शिवाय त्यांत अडकतो तो बहुधा जागेवर उभा असलेला शेवटचा माणूस, कारण वरचे निर्णय कागदावर नसतात.

बालेवाडीत २९ जुलै २०१६ रोजी तेराव्या मजल्याचा स्लॅब कोसळून ९ कामगार गेले. कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे भिंत कोसळून मजुरांच्या झोपड्यांतले १५ जण गेले, त्यांत मुलेही होती. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर यंत्र कोसळून २० जण, आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्यात बांधकामाची लिफ्ट पडून ७ जण दगावले. या प्रत्येक वेळी चौकशीची घोषणा झाली, मदत जाहीर झाली. एकेकट्या मृत्यूंना तेही नसते.

मिटवामिटवीचा सौदा

एकेकट्या मृत्यूनंतर काय होते, हे पेठेत कोणाला सांगावे लागत नाही. तालमीची पोरे आधी धावतात, जखमीला उचलतात, दवाखान्यात नेतात. नंतर चार जाणती माणसे बसतात आणि ‘गरिबाला काहीतरी मिळू दे’ म्हणून मालक-ठेकेदाराकडून रक्कम ठरवून देतात. हेतू चांगला असतो. पण मृताच्या बायकोला तिचा हक्क किती आहे, हे त्या बैठकीत कोणी सांगत नाही.

तो हिशेब कठीण नाही. मृत्यूच्या वेळच्या मासिक मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. हिशेबासाठी मजुरीची मर्यादा २०२० पासून १५ हजार रुपये आहे. मृत कामगार ३० वर्षांचा आणि मजुरी १५ हजार किंवा जास्त असेल, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. महत्त्वाचे म्हणजे, मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे महाराष्ट्रात कामगार न्यायालयात, जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम कायद्याने भरपाई मानली जात नाही आणि हक्क सोडल्याचे लिहून घेतलेला कागद निरर्थक असतो. बैठकीत पैसे मिळाले, तरी दावा संपत नाही. तो दोन वर्षांच्या आत करायचा असतो.

कल्याणकारी मंडळाची मदत याहून वेगळी. नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये मिळतात. त्यासाठी नोंदणी जिवंत हवी. वर्षातल्या किमान ९० दिवसांच्या कामाचा दाखला हवा. अनेक ठेकेदारांच्या हाताखाली दिवस काढणाऱ्या बिगाऱ्याला हा दाखला मिळवणे सोपे नसते. मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो. देशभर हा निधी पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कठोर शब्दांत निकाल दिला होता.

उपकर घेताना विचारता येतील असे प्रश्न

या उपकरातच एक वाट दडलेली आहे. महाराष्ट्रात बांधकाम परवानगी देताना महापालिका तो वसूल करते. म्हणजे जागा कोणती, मालक कोण, अभियंता कोण, खर्च किती, हे काम सुरू होण्याआधीच तिच्याकडे असते. त्याच अर्जात आणखी तीन गोष्टी लिहून घेता येतील : जागेवरच्या सुरक्षेला जबाबदार व्यक्तीचे नाव, सेंट्रिंग आणि खोदाई कोण तपासणार, आणि शेजारची भिंत व विजेच्या तारा यांबाबत काय काळजी घेतली. जोते तपासायला येणारा अभियंता त्याच फेरीत चराचा आधार आणि वीज तोडणारे उपकरण पाहू शकतो. नवीन खाते लागत नाही.

लहान बांधकामाचा प्रश्न सोडवता येतो, हे ब्रिटनच्या २०१५ च्या बांधकाम नियमांतून दिसते. ते नियम माणसे किती यावर अवलंबून नाहीत, घराच्या किरकोळ दुरुस्तीलाही लागू आहेत. स्वतःसाठी घर बांधणाऱ्या सामान्य माणसाला सुरक्षेचे ज्ञान नसते, हे गृहीत धरून त्याची कर्तव्ये आपोआप ठेकेदाराकडे जातात. त्यामुळे जबाबदार माणूस नाही, अशी जागा उरत नाही. दहा कामगारांची मर्यादा संसदेने बदलायला वेळ लागेल. पण ठेकेदाराचे नाव परवानगीच्या कागदावर आणि जागेवरच्या फलकावर लिहायला लावणे, हे शहराच्या पातळीवर करण्याजोगे आहे.

रुग्णालयांना दोन गोष्टी लगेच करता येतील. उंचीवरून पडलेल्या, मातीत दबलेल्या वा विजेचा धक्का बसलेल्या प्रत्येक जखमीच्या कागदावर ‘कामावर असताना, बांधकामाच्या ठिकाणी’ हे शब्द आणि काम नेमके कोणते चालले होते ते लिहिणे. मृत्यूच्या प्रमाणपत्रात शेवटच्या आजारासोबत मूळ घटना लिहिणे. पुढे कुटुंबाला दावा करताना हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो. पोलिसांनी पंचनाम्यात कठडा, जाळी, टेकू, चराची खोली यांची मापे आणि छायाचित्रे घेतली, तर ‘तोल गेला’ यापलीकडचे काही न्यायालयासमोर येईल. हे त्याच दिवशी व्हायला हवे, कारण दुसऱ्या दिवशी कठडा लागलेला असतो.

आधी धावणाऱ्या तालमींच्या आणि मंडळांच्या पोरांनाही थोडे शिकवता येईल. पडलेल्या माणसाला हात-पाय धरून उचलू नये आणि रिक्षात बसवू नये. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर घ्यावे, १०८ ला फोन करावा. विजेने चिकटलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. बाहेरची तार असेल, तर महावितरणला कळवून प्रवाह बंद होईपर्यंत जवळ जाऊ नये. मातीत दबलेल्याची आधी तोंड आणि छाती मोकळी करावी. चराच्या काठावर गर्दी करू नये, कारण काठावरची माणसेच पुढची माती ढासळवतात.

शिवाजी पेठेत यंदाही पावसाआधी घरे उतरवण्याची आणि पाया खणण्याची घाई होईल. घर बांधायला काढणाऱ्या कुटुंबाला ठेकेदाराशी दर ठरवतानाच चार गोष्टी कागदावर घेता येतात : प्रत्येक उघड्या कडेला आणि जिन्याला कठडा, चराला आधार, वीज तोडणारे उपकरण, आणि कामगारांच्या भरपाईचा विमा. त्यांचा खर्च दरात धरला, तर ठेकेदाराला तो टाळण्याचे कारण उरत नाही. दरात धरला नाही, तर तो कोणाच्या अंगावर पडतो, हे चार ओळींच्या बातमीत लिहिलेले असते.